ड्रायव्हरची भाकरी

आई वारली त्या दिवशी मी कळंबला होतो. ती गावी होती. दुपारी मी शाळेत बसून मोटारीच्या मालकाला अर्ज लिहीत होतो. दोन दिवस माझा डबा आला नव्हता.

अर्ज दीड पानाचा झाला. लिहून झाल्यावर मी तो सावकाश वाचला आणि एका ठिकाणी 'उद्दाम' खोडून 'उद्धट' केलं, कारण मालकाला 'उद्दाम' कळेल की नाही याची मला शंका होती. तेव्हा आई जाऊन तासभर झाला होता. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

हैदराबाद हिंदुस्थानात सामील होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमच्याकडच्या शाळा उर्दूतून मराठीत येत होत्या आणि मराठी शिकवणारी माणसं कमी पडत होती. मी स्वतः सातवीपर्यंत उर्दूतूनच शिकलो होतो. मराठी घरात बोलायची होती, लिहायची मी पुढं पुस्तकं वाचून शिकलो, आणि पुस्तकं वाचून शिकलेल्या माणसाला आपल्या भाषेचा असतो तेवढा गर्व मला होता. कळंबच्या शाळेत मला नोकरी लागली. गाव वीस मैलांवर, भूमच्या वाटेला. वडील मी लहान असतानाच गेले होते. आई एकटी राहायची, शेजारी चुलता आणि चुलती होते, आणि चार एकर जमीन चुलताच वाहत होता.

कळंबला मी एका खोलीत राहू लागलो आणि खाणावळीत जेवू लागलो. तीन महिन्यांत पोट बिघडलं. सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईनं माझ्या मनगटाला दोन बोटांचा विळखा घालून पाहिला आणि म्हणाली, उद्यापासून डबा येईल. मी नको म्हणालो नाही. एकावर एक बसणाऱ्या चार पुडांचा एक पितळी डबा वडिलांच्या काळापासून घरात पडून होता. तिनं त्याला कल्हई करून घेतली.

भूमहून सकाळी निघणारी खाजगी मोटार आमच्या गावावरून साडेआठला जायची आणि साडेदहाला कळंबला पोचायची. संध्याकाळी तीच परत. इंजन तापायचं, म्हणून दोन्ही वेळेला ती आमच्या घरासमोरच्या आडापाशी पाणी घ्यायला थांबे. त्यामुळे डबा देणं-घेणं सोपं होतं. सकाळी भरलेला जायचा, संध्याकाळी रिकामा यायचा. असे आठ-दहा डबे त्या मोटारीत रोज असत; कुणाचा मुलगा शाळेत, कुणाचा भाऊ कचेरीत, कुणाचा माणूस दवाखान्यात.

डब्याला भाडं नव्हतं. मालकाच्या तिकिटांच्या बुकात डबा हा प्रकारच नव्हता. म्हणून डबे ही ड्रायव्हरची जहागीर होती. निजामाच्या जहागिऱ्या गेल्या, ही तेवढी राहिली. तिचे कायदे कुठं लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. डबा पाठवणाऱ्या घरानं ड्रायव्हरची एक भाकरी वेगळ्या फडक्यात बांधून द्यायची, त्यावर चटणी किंवा कोरड्यास, जे घरात असेल ते. डबा घेणाऱ्यानं बाजारच्या दिवशी त्याला चहापाणी द्यायचं. चहापाणी किती, ते ज्याच्या त्याच्या भीतीवर होतं. जो कमी घाबरे त्याचा डबा आडवा होई.

हा ड्रायव्हर चाळिशीचा असेल. बार्शीकडचा, म्हणजे पूर्वीच्या इंग्रजी मुलखातला, आणि त्याचा त्याला फार अभिमान. आम्हां मोगलाईतल्या लोकांना मोटार म्हणजे काय हे आपणच दाखवलं अशा थाटात तो बोलायचा. डोक्यावर खाकी टोपी, मिशी रुंद, पोट स्टिअरिंगला टेकलेलं. त्या पोटात आठ-दहा घरांच्या भाकरी रोज जात होत्या. मी त्याला 'तुम्ही' म्हणत असे. अंतर राखायला 'तुम्ही' फार उपयोगी पडतं.

पहिल्या आठवड्यात मी त्याला एक आणा दिला. त्यानं तो तळहातावर घेऊन उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि हाली आहे का कलदार, असं विचारलं. निजामाचं हाली नाणं आणि हिंदुस्थानचं कलदार, दोन्ही अजून बाजारात फिरत होती. हाली नाणं कमी भावाचं. मी हाली आहे म्हणालो. तो म्हणाला, मास्तर, तुमी शिकवता हालीत का कलदारात? शेजारी उभी असलेली माणसं हसली. पुढच्या आठवड्यापासून मी कलदार देऊ लागलो, आणि त्या दिवसापासून मी त्याचा मनोमन द्वेष करू लागलो.

त्याच्या खोड्या मोजायला बसलो तर पानं भरतील. आमटीचं पूड नेहमी असं कलंडायचं की डबा हातात घेताना रस्सा माझ्या बाहीवर यायचा. कधी डबा शाळेपाशी द्यायच्याऐवजी तो पुढं स्टँडवर नेई आणि मला तिथं जावं लागे. बाजारच्या दिवशी चहापाणी द्यायला उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी डब्याची दांडी वाकलेली असे. विचारलं तर म्हणे, रस्ता वाकडा हाय, मास्तर, दांडी सरळ कशी ऱ्हाईल. तो असा बोलला की आजूबाजूचे लोक त्याच्याकडं कौतुकानं पाहत. आमच्याकडं फटकळ माणसाला लोक लगेच हुशार समजतात.

पण हे सगळं मी सोसलं असतं. मोटार शाळेसमोरून जाताना तो भोंगा वाजवायचा, खिडकीतून डबा बाहेर धरायचा आणि ओरडायचा, "मास्तर, बाळाची न्याहारी आली."

माझा पहिला तास तेव्हा चालू झालेला असे. वर्गातली निम्मी मुलं मिसरूड फुटलेली होती. उर्दू शाळेतून मराठीत आल्यामुळे एक-दोन वर्षं मागं पडलेली. ती खाली मान घालून हसत. मी खडू ठेवून, हात झटकून, फाटकापर्यंत जाऊन डबा घेत असे, आणि परत येईपर्यंत वर्गात कुजबूज चालू असे. एका महिन्यात मला शाळेत नाव पडलं. एका सकाळी फळ्यावर कुंची घातलेलं बाळ काढलेलं होतं. बाळाच्या नाकावर माझा चष्मा होता. चित्र चांगलं होतं. मी ते पुसलं आणि तास घेतला.

आता चिठ्ठ्यांबद्दल सांगायला हवं.

डबा सुरू झाला तेव्हा आईनं एक सांगितलं होतं: डबा नुसता रिकामा परत करू नये, आत काहीतरी घालावं. दुसरं काही नसलं तर दोन ओळी लिहून टाक. ती स्वतः अक्षरशत्रू होती. तरी मी रोज एक चिठ्ठी वरच्या पुडात टाकत असे. ती कोण वाचून दाखवतं हे मी तिला कधी विचारलं नाही. घरी माझा एक चुलतभाऊ मराठी वाचणारा होता, तो वाचत असेल असं मी धरून चाललो होतो. तो दीड वर्षापूर्वी लातूरला अडतीवर कामाला गेला हे मला माहीत होतं. तरीही मी तेच धरून चाललो.

चिठ्ठीत मी काय लिहीत असे? सुरुवातीला, मी बरा आहे, तू बरी असशील, असं. पुढं तेही कंटाळवाणं झालं. मग मी जेवणाबद्दल लिहू लागलो. आमटी फार तिखट होती. भाकरी जाड, काठाला कच्ची राहते. येसराच्या आमटीचा वास शाळेत पसरतो, ती पाठवू नये. धपाटे तेलकट. मी हे रागानं लिहिलं नव्हतं. मी मुलांच्या वह्या तपासतो तसं डबा तपासून लिहीत होतो. आणि फळ्यावर बाळ निघालं त्या दिवशी मी लिहिलं: 'ड्रायव्हरला भाकरी देणे आजपासून बंद करावे. तो मनुष्य त्या लायकीचा नाही.'

त्याच आठवड्यात मी त्याचं चहापाणीही बंद केलं. बाजारच्या दिवशी तो स्टँडवर माझी वाट पाहत होता आणि मी समोरून पुस्तक वाचत गेलो. वाटलं होतं, आता डबा पालथा येईल. तसं काही झालं नाही. उलट तो माणूस दिवसेंदिवस खूश दिसू लागला. भोंगा लांब वाजू लागला. मला त्याचं कोडं सुटेना. भाकरी बंद, चहापाणी बंद, आणि याच्या गालावर तकाकी.

तेव्हा मी मालकाला पहिला अर्ज लिहिला. मालक बार्शीचा व्यापारी होता. त्याला मोटारीपेक्षा सरकीत जास्त रस होता. मी तीन मागण्या केल्या. मोटार शाळेसमोर थांबवू नये. भोंगा वाजवू नये. आणि तिसरी अशी: 'सदर इसमाने माझ्याशी कोणत्याही कारणास्तव बोलू नये.' हे वाक्य मला त्या वेळी इतकं आवडलं होतं की मी ते एका सहकाऱ्याला वाचून दाखवलं.

मालकानं तिन्ही मागण्या मान्य केल्या. मास्तरची तक्रार आणि तीही असल्या मराठीत, त्याला ती सरकारी वाटली असावी. ठरलं असं की डबा स्टँडवरच्या हॉटेलात ठेवायचा, तिथून शाळेच्या शिपायानं आणायचा आणि दुपारी परत पोचवायचा. शिपाई पटकेवाला म्हातारा होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मोटार आता शाळेसमोरून मुकाट्यानं जाऊ लागली. ड्रायव्हर माझ्याकडं पाहत नसे. मला वाटलं, लेखणीनं काम केलं.

महिना गेला. थंडीचे दिवस होते. एका सकाळी शिपाई हात हलवत परत आला.

"डबा न्हाय, गुरुजी," तो म्हणाला. "ड्रायव्हर म्हणतो, मास्तरला सोता स्टँडवर येऊ द्या, मंग सांगतो."

काय सांगणार आहे, असं मी विचारलं. शिपायानंही ते विचारलं होतं. त्यावर ड्रायव्हर म्हणाला होता, माझं तोंड त्येनीच बंद केलंय, त्येनीच येऊन उघडावं. हे सांगताना म्हाताऱ्याला थोडं हसू आलं. मला नाही आलं. मला सगळा देखावा दिसला: हॉटेलातली बाकडी, बशीतून चहा ओतून पिणारी माणसं, मधोमध तो, आणि मी माझंच जेवण मागायला त्याच्यासमोर उभा. मी शिपायाला सांगितलं, त्याला म्हणावं मास्तर उपाशी राहतील पण येणार नाहीत.

"जाऊन या की, गुरुजी," म्हातारा म्हणाला. "पाच मिन्टाचं काम हाय."

स्टँड शाळेपासून दोन फर्लांग होता. मी गेलो नाही. दुपारी चुरमुरे आणि फुटाणे खाल्ले. संध्याकाळीही तेच खाल्ले आणि वाचत पडलो. भुकेनं मला बरं वाटत होतं. आपण एका हलकट माणसाविरुद्ध उपास करतो आहोत, या कल्पनेला एक चव होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डबा नाही, आणि निरोप तोच, फक्त या वेळी त्यानं 'लई जरुरीचं हाय' असं जोडलं होतं. शिपाई म्हणाला, आज हासत न्हवता तो, गुरुजी. मी ते ऐकलं आणि त्यातून अर्थ काढला की तो नरमला. मालकाच्या कानावर पुन्हा जाईल म्हणून घाबरला असेल. मग आता सोडायचा कशाला? मधल्या सुट्टीनंतर मला मोकळा तास होता. मी दौत पुढं ओढली.

पुढचं वर सांगितलंच आहे.

तिसऱ्या दिवशी मोटार शाळेसमोर थांबली. भोंगा वाजला नाही. मी भूगोल शिकवत होतो. ड्रायव्हर फाटकातून आत आला, पटांगण ओलांडून वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी त्याच्या हातात होती. टोपीशिवाय मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पुढून टक्कल पडलेलं होतं. मी नकाशावरची काठी खाली घेतली आणि तो काही बोलायच्या आत, सगळ्या वर्गासमोर, विचारलं:

"डबा कुठाय?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

"डबा न्हाय, मास्तर," तो म्हणाला. "तुमची माय गेली काल दुपारी. चला."

मोटार दिवसाच्या मध्ये उलटी फिरत नसे. त्यानं ती फिरवली. आत दोन-तीन उतारू होते, त्यांना त्यानं काय सांगितलं माहीत नाही. मला त्यानं शेजारी बसवलं. गावाबाहेर आल्यावर मी विचारलं, निरोप काय होता. तो म्हणाला, परवा सकाळी चुलतीनं सांगावा दिला होता. ताप हाय, छाती भरलीय, मास्तरला ह्याच मोटारीनं परत घेऊन या.

"शिपायाजवळ का सांगितलं नाहीत?"

"तुमीच लिवलं व्हतं, बोलायचं न्हाय म्हणून," तो म्हणाला. मग म्हणाला, "मला बी वाटलं, एकदा यावं मास्तरनं खाली."

माझ्या खिशात दुसरा अर्ज होता. टपालात टाकायला तो मी सकाळीच बरोबर घेतला होता.

घरासमोर माणसं बसली होती. अग्नी चुलत्यानं दिला होता, आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास. चुलती आत होती. ती रडली नाही. माझ्याकडं तिनं असं पाहिलं की मी उंबऱ्याच्या आत यावं की नाही हे मला कळेना. मग ती म्हणाली, "झाली का परीक्षा?"

कसली परीक्षा, मी विचारलं.

परवा संध्याकाळी मोटार आली तेव्हा चुलती आडापाशी उभी होती. मास्तर का आला नाही, तिनं विचारलं. ड्रायव्हर सरळ आईच्या खाटेपाशी गेला आणि म्हणाला, माय, मास्तरच्या शाळेत परीक्षा चालू हाय, उद्याच्या मोटारीनं येत्यात, काळजी करू नको म्हणालेत. आईला ते पटलं. परीक्षा या शब्दाचा तिला फार आदर होता. ती चुलतीला म्हणाली, उद्या तो उपाशी येईल, धपाट्याचं पीठ तेवढं मळून ठेव. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. सगळे संध्याकाळच्या मोटारीसाठी थांबले. मोटारीत मी नव्हतो. मग जास्त वेळ ठेवणं बरं नव्हे, असं चुलता म्हणाला.

मी आलो असतो तर ती वाचली असती असं मी म्हणत नाही. कळंबला डॉक्टर होता, मोटारीत बसून आला असता, सुई दिली असती. पुढचं कुणाला ठाऊक. पण मी तिला भेटलो असतो. दोन फर्लांग चालून गेलो असतो तर एक अख्खी रात्र आणि एक सकाळ मला मिळाली असती. ती एका बाजूनं त्यानं घालवली आणि दुसऱ्या बाजूनं मी. कुणी जास्त घालवली याचा हिशेब मी पुष्कळ वर्षं करत होतो. आता करत नाही.

सुतकाच्या दिवसांत चुलती हळूहळू बोलू लागली. एका दुपारी तिनं खुंटीवरची कापडी पिशवी काढून माझ्यापुढं ठेवली. आत माझ्या चिठ्ठ्या होत्या. एकही आईनं टाकली नव्हती.

"रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसायची," चुलती म्हणाली. "तो इंजनाला पाणी पाजायचा, आन् मंग हिच्या म्होरं उभा ऱ्हाऊन वाचायचा. मास्तर म्हणत्यात, काल आमटी लई झाक व्हती. मास्तर म्हणत्यात, भाकरी अशी की कळंबात कुणाला येत न्हाय. ही नुसती हासायची."

कोण वाचायचं, मी विचारलं. उत्तर येईपर्यंत मला ते कळलं होतं, तरी विचारलं.

"ड्रायव्हर की. दुसरं कोण हाय गावात मराठी वाचणारं? पाटलाला उर्दू येतं, तुझ्या चुलत्याला मोडी बी धड येत न्हाय."

बार्शीकडच्या मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेला तो माणूस. माझी आई आणि मी, आमच्या मध्ये दीड वर्ष तो उभा होता. मला त्याच्याबद्दल वाटणारं सगळं मी त्याच्याच हातानं घरी पाठवत होतो, आणि तो ते रोज संध्याकाळी मोटारीच्या बॉनेटला टेकून आधी स्वतः वाचत होता.

मी चिठ्ठ्या चाळू लागलो. 'ड्रायव्हरला भाकरी देणे आजपासून बंद करावे' ही सापडली. या दिवशी काय वाचलं होतं, हे मी चुलतीला विचारलं. कोणती ते सांगितलं नाही, फक्त मागच्या दोन महिन्यांत ड्रायव्हरबद्दल मी काही कळवलं होतं का, असं विचारलं. तिला चांगलं आठवत होतं.

"व्हय तर. तू म्हणलास, ड्रायव्हर लई राबतो, त्येला एकाच्या जागी दोन भाकरी देत जा. किती खूश झाली ती. म्हणली, लेक शिकला, पर माणसाची कदर इसरला न्हाय."

दोन भाकरी. त्याच्या गालावरची तकाकी मला कळली. मी शाळेत अबोला आणि अर्ज यांचं नाटक करत होतो, तेव्हा माझी आई पहाटे उठून त्याच्यासाठी एक जास्तीची भाकरी थापत होती, आणि माझ्या सांगण्यावरून थापते आहे असं समजत होती.

तेराव्याला तो आला. मोटार बाहेर उभी करून, उतारूंना थांबवून आला. पंक्तीत शेवटी बसला आणि गव्हाची खीर दोनदा मागून घेतली. मी वाढणाऱ्यांच्या मागं उभा राहून त्याचं जेवण पाहत होतो. माणूस इतकं मन लावून जेवू शकतो, हे पाहून मला शिसारी आली. तो हात धुऊन आला तेव्हा मी त्याच्यापुढं एक रुपया धरला. कित्येक आठवड्यांचं चहापाणी एकदम. लोक पाहत होते आणि त्यांनी पाहावं हीच माझी इच्छा होती. त्याला ते टोचावं असं मला वाटत होतं.

त्यानं नाणं उलटं केलं, सुलटं केलं.

"कलदार आहे," मी म्हणालो.

त्यानं ते खिशात टाकलं. त्याला टोचलं असेल तर दिसलं नाही.

"माझ्या चिठ्ठ्या तुम्ही खोट्या वाचल्यात," मी हळू आवाजात म्हणालो.

"मंग काय वाचायचं व्हतं?" तोही हळूच म्हणाला. "भाकरी कच्ची म्हणून? तिच्या म्होरं उभं ऱ्हाऊन?" खिरीचा एक ठिपका त्याच्या मिशीला होता. "आन् कच्ची नसायची, मास्तर. म्या खाल्लीय रोज."

तो गेला. मोटारीनं पाणी घेतलं आणि ती भूमकडं निघाली.

यानंतर माझं त्याच्याबद्दलचं मत बदललं असं लिहिता आलं असतं. लोकांना ते आवडतं. पण तसं झालं नाही. त्यानं माझ्या चिठ्ठ्या गोड करून वाचल्या, त्या दोन भाकरींसाठी. आईच्या चेहऱ्याकडं पाहूनही वाचल्या असतील. दोन्ही खरं असेल. पण त्याच माणसानं माझ्या आईचा सांगावा दोन दिवस खिशात ठेवला, कारण त्याला मला स्टँडवर उभं राहिलेलं पाहायचं होतं. आणि मग आपली चूक झाकायला मरणाऱ्या बाईपाशी जाऊन परीक्षा रचली. मी त्याला क्षमा केली नाही. मी त्याचा तिरस्कार करतो, अजून करतो. फरक इतकाच की पूर्वी त्या तिरस्कारात मी एका उंच जागी उभा असे. आता ती जागा नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. आईनं मरताना जो मुलगा मनात ठेवला, जो तिच्या आमटीचं कौतुक करायचा, ज्याला राबणाऱ्या माणसाची कदर होती, जो परीक्षा संपली की लगेच निघणार होता, तो मुलगा मी नव्हतो. तो त्या माणसानं, इंजनात पाणी भरता भरता, रोज दोन-तीन वाक्यं करून रचला होता. माझ्यापेक्षा तो बरा होता.

पुढं मी कळंबलाच राहिलो. खाणावळीत जेवू लागलो. पोटाला सवय झाली. मालकानं दोन-तीन वर्षांत मोटार विकली. ड्रायव्हर उमरग्याकडं कुणाच्या तरी ट्रकवर लागला असं शिपायानं सांगितलं. मी चौकशी केली नाही. चुलती नंतर बरीच वर्षं होती. तिला मी कधी खरं सांगितलं नाही. ती लोकांना सांगत राहिली की माझ्या आईला मी रोज किती छान चिठ्ठ्या लिहीत होतो, आणि मी समोर बसून ते ऐकत राहिलो.

आता चुलतीही नाही. डबा माझ्याजवळ आहे; चारही पुडं आहेत, कल्हई गेली आहे, दांडी वाकडी आहे. चिठ्ठ्या त्याच पिशवीत आहेत आणि न पाठवलेला दुसरा अर्जही त्यांच्यातच आहे. आईनं उंबऱ्यावर बसून जे ऐकलं ते कुठं लिहिलेलं नाही. राहिलं आहे ते मी लिहिलेलं.